वायर नसलेली गिटार

१. आजोबांचा प्रश्न

डोंबिवलीच्या एखाद्या घरात नातू मोबाइलवर रॉक बँडचा व्हिडिओ लावून बसला असता, शेजारी वर्तमानपत्र चाळणारे आजोबा चष्म्यावरून डोकावून जो पहिला प्रश्न विचारतात, तो बहुधा असा असतो : "अरे, ही मंडळी पडक्या कारखान्यात उभी राहून विजेची गिटार वाजवताहेत खरी, पण त्या गिटारीला वायर कुठे आहे? आणि वायर नाही, तर ती वाजते कशी?" नातू हसतो, परंतु हसण्याने शंकेचे निरसन होत नाही, आणि खरे पाहता ही शंका हास्यास्पद नसून या साऱ्या कलाप्रकाराच्या मर्मावरच बोट ठेवणारी आहे. तिच्या पोटात आणखीही प्रश्न दडलेले आहेत. कारखाना पडकाच का? गाणारा प्रेक्षकाकडे न पाहता जमिनीकडे का पाहतो? नव्या कॅमेऱ्याने टिपलेले चित्र जुनाट, फिकट आणि रवाळ का दिसते? मध्येच सारे संथ होते, तरी ओठ मात्र गाण्याशी तंतोतंत जुळतात, ते कसे?

वायरीचे उत्तर सोपे आहे. क्वचित बिनतारी यंत्र बसवलेले असते. परंतु बहुतेक वेळा वायर नसते, कारण चित्रणाच्या वेळी कोणी वाजवतच नसते. गाणे आधीच स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेले असते; चित्रणाच्या जागी ते कर्ण्यावर लावतात, आणि वादक त्याबरहुकूम बोटे व ओठ हलवतात. लता मंगेशकरांच्या आवाजावर पडद्यावरील नायिका ओठ हलवते, हे आपल्याकडे कित्येक पिढ्यांना ठाऊक आहे आणि त्यात कोणालाही लबाडी वाटत नाही. परंतु "आम्ही जे काही करतो ते खरे करतो" हीच ज्यांची प्रतिज्ञा, त्या रॉकवाल्यांनी हा अभिनय करावा, ही मात्र मौजेची गोष्ट आहे, आणि त्यांना स्वतःलाही ती टोचत असते. १९९१ साली 'निर्वाणा' या अमेरिकन बँडला बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या कार्यक्रमात वाद्ये वाजवण्याचे सोंग करण्याची अट मान्य करावी लागली, तेव्हा गायक कर्ट कोबेन याने तारांना हात जेमतेम लावला, आवाज मुद्दाम खर्जात नेऊन गाण्याची थट्टा केली, आणि सोंग हे सोंगच आहे हे लाखो प्रेक्षकांसमोर उघड करून टाकले.

२. संकेत कशाला म्हणावे

पुढे जाण्यापूर्वी एक संकल्पना स्पष्ट केली पाहिजे. तमाशातल्या गवळणी मथुरेच्या बाजाराला निघतात, रंगमंचावर एक फेरी मारतात, आणि तेवढ्याने गोकुळ मागे पडून मथुरेची वाट सुरू झाली, हे प्रेक्षक विनातक्रार मान्य करतो. झाडे नाहीत, रस्ता नाही, यमुना नाही. आहे तो केवळ कर्ता आणि प्रेक्षक यांच्यामधला एक अलिखित करारनामा. यालाच संकेत म्हणतात. संकेत हा खोटेपणा नव्हे, कारण ज्याला तो ठाऊक असतो तो फसत नाही. ज्याला ठाऊक नसतो तो वायर शोधत बसतो.

अल्टरनेटिव्ह रॉकच्या व्हिडिओतील संकेतांचा करारनामा एका वाक्यात सांगता येईल : "आम्ही तुम्हांला काही विकायला आलेलो नाही." हिंदी चित्रपटातील गाण्यात कडव्यागणिक पोशाख बदलतो, मुंबईची नायिका क्षणात स्वित्झर्लंडच्या बर्फात उतरते, आणि नायक प्रेक्षकाकडे पाहून प्रसन्न हसतो. इथे नेमके उलटे : कपडे घरातले, चेहरा पडलेला, नजर चुकवलेली, जागा कोणी सहलीला जाणार नाही अशी. गंमत एवढीच, की हा व्हिडिओ तयार होतो तो गाणे विकण्यासाठीच, आणि बहुधा पैसे देते ती गाणे विकणारी कंपनीच.

३. गरिबी आणि नकार

हे संकेत जन्मले कसे, ते पाहणे आवश्यक आहे. कारण आज जी शैली म्हणून मिरवते ती प्रारंभी बव्हंशी नाइलाज होती. अमेरिकेत १ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्ही ही वाहिनी सुरू झाली, आणि गाणे ऐकण्याइतकेच पाहण्याची वस्तू बनले. मोठ्या कंपन्यांनी झगमगीत सेट, नर्तकांचे ताफे आणि महागडे दिग्दर्शक आणले. त्याच सुमारास महाविद्यालयांच्या छोट्या रेडिओ केंद्रांच्या आणि किरकोळ भांडवलाच्या ध्वनिमुद्रण संस्थांच्या आश्रयाने जे रॉक संगीत वाढत होते, आणि प्रस्थापित रॉकला पर्याय म्हणून ज्याला पुढे 'अल्टरनेटिव्ह' हे नाव चिकटले, त्याच्या गाठीला एवढा पैसा नव्हता. म्हणून मित्राचे तळघर, उसना कॅमेरा आणि कृष्णधवल फिल्म. १९८६ पासून एमटीव्हीने रविवारी रात्री उशिरा '१२० मिनिट्स' नावाचा कार्यक्रम या मंडळींसाठी राखून ठेवला, आणि तिथे हे दरिद्री व्हिडिओ एकापाठोपाठ एक दिसू लागल्यावर त्यांच्यातील साम्य लोकांच्या नजरेत भरले.

गरिबीच्या जोडीला नकारही होता. 'द रिप्लेसमेंट्स' या बँडच्या १९८५ सालच्या एका गाण्याच्या व्हिडिओत जवळजवळ सारा वेळ एक लाऊडस्पीकर दिसतो, दुसरे काही नाही. बाजूला कोणी तरुण बसून ऐकतो, आणि शेवटी त्या स्पीकरला लाथ मारून निघून जातो. वाहिनीला व्हिडिओ हवा होता. बँडने व्हिडिओ दिला. आणि पाहण्याजोगे काहीही दिले नाही. माझ्या मते या प्रकारातील सर्वांत प्रामाणिक कृती हीच होय. मात्र अशी कृती पुन्हा पुन्हा केली, तर तिचाही संकेतच होतो.

४. मळकटपणाची कारागिरी

१९९१ साली हे सारे बदलले. निर्वाणाच्या 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' या गाण्याचा व्हिडिओ सॅम्युएल बेयर या नवख्या दिग्दर्शकाने केला. शाळेची व्यायामशाळा, पिवळसर तपकिरी धूसर प्रकाश, धूर, बाकांवर कंटाळलेली मुले, अराजकाचे चिन्ह छातीवर मिरवणाऱ्या नर्तिका, आणि एका कोपऱ्यात झाडू घेऊन डोलणारा सफाई कामगार. एवढ्या सामग्रीवर त्याने जे उभे केले, त्याची नक्कल पुढील दहा वर्षे जगभर होत राहिली. ती व्यायामशाळा खरी नव्हती. कॅलिफोर्नियातील एका स्टुडिओत उभारलेला तो सेट होता. खरा होता तो शेवटचा गोंधळ. बाकांवर तासन्‌तास बसवून ठेवलेल्या, कंटाळलेल्या पोरांना अखेरीस खाली उतरण्याची मुभा मिळाली, तेव्हा त्यांनी सेटची जी मोडतोड केली, ती कोणी शिकवलेली नव्हती. बनावट जागेत खरा वैताग निर्माण करणे, हे त्या चित्रणाचे यश म्हणावे लागेल.

आता तो मळकट रंग येतो कोठून, हे समजून घेऊ. पहिले साधन फिल्मचे. चित्रपटगृहासाठी सामान्यतः ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म वापरत. १६ मिलिमीटरची फिल्म स्वस्त आणि तिचा कॅमेरा हलका. परंतु लहान फिल्मवरचे चित्र तेवढ्याच पडद्यावर दाखवायचे, तर ते अधिक पटींनी फुगवावे लागते, आणि मग फिल्मवरील रसायनाचे कण डोळ्यांना दिसू लागतात. हाच तो रवाळपणा. दुसरे साधन रसायनशाळेतले. रंगीत फिल्म धुताना तिच्यावरील चांदी एका द्रावणाने काढून टाकतात आणि रंग तेवढे उरतात. ही पायरी गाळली, तर चांदी रंगांच्या सोबतीने तशीच राहते, सावल्या काळ्याकुट्ट होतात आणि रंग फिके पडतात. माणसाचा चेहरा आजारातून उठल्यासारखा दिसतो, आणि दुःखाच्या गाण्याला तो शोभतो.

तिसरे साधन हातात धरलेला कॅमेरा. तिकाटण्यावरचा कॅमेरा स्थिर असतो, म्हणजे कोणीतरी ती जागा आधी निश्चित केली आहे हे सांगतो. हातातला कॅमेरा डगमगतो, म्हणजे घटना आकस्मिक घडली आणि आपण धावत जाऊन ती पाहिली असा भास होतो. स्केटबोर्डवर कसरती करणाऱ्या मुलांच्या चित्रीकरणातून आलेले, कडा वाकवून दाखवणारे माशाच्या डोळ्यासारखे भिंग याच कुळातले. आजचा मोबाइल स्वच्छ, नितळ चित्र टिपतो, आणि मग एखाद्या ॲपच्या साहाय्याने त्यावर रवा, ओरखडे आणि धूळ चढवतात. जे व्यंग लपवण्यासाठी पूर्वीचे तंत्रज्ञ रात्री जागवत, ते आता विकत मिळते.

५. संथ चालीचे गणित

संथ हालचाल आणि जुळणारे ओठ, या कोड्याचे उत्तर तिसरीतल्या मुलाला समजेल इतके सरळ आहे. चलच्चित्रात एका सेकंदाला साधारण २४ स्थिर चित्रे दाखवतात. समजा, गाणे चार मिनिटांचे आहे. चित्रणाच्या जागी ते दुप्पट वेगाने वाजवले, म्हणजे ते दोन मिनिटांत संपेल, आणि गायकाला तेवढ्याच घाईने ओठ हलवावे लागतील. कॅमेरा मात्र सेकंदाला ४८ चित्रे टिपतो आहे. दोन मिनिटे म्हणजे १२० सेकंद. १२० गुणिले ४८, म्हणजे एकूण ५,७६० चित्रे झाली. हीच चित्रे नेहमीच्या २४च्या वेगाने दाखवली, तर ५,७६० भागिले २४, म्हणजे २४० सेकंद, म्हणजे बरोबर चार मिनिटे. ओठ मूळ गाण्याशी जुळतात. केस, पाऊस आणि पावले मात्र निम्म्या वेगाने चालतात. 'कोल्डप्ले'चा 'यलो' हा २००० सालचा, समुद्रकिनाऱ्यावर चालत गायलेला व्हिडिओ याच हिशेबावर बेतलेला आहे. त्याच बँडच्या २००२ सालच्या 'द सायंटिस्ट'मध्ये सारी घटना उलटी घडते आणि ओठ मात्र सुलटे गातात. त्यासाठी गायक ख्रिस मार्टिनला ते गाणे शेवटापासून आरंभाकडे म्हणायला पाठ करावे लागले. येथे गणितापेक्षा घोकंपट्टीचे काम अधिक होते.

६. उपनगर : तिकडचे आणि इकडचे

आता ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या वाचकाला जवळचा वाटेल असा संकेत घेऊ. अल्टरनेटिव्ह रॉकच्या व्हिडिओत उपनगर वारंवार येते. 'साउंडगार्डन'च्या 'ब्लॅक होल सन' (१९९४) मध्ये कापलेल्या हिरवळीची सुबक घरे आणि अनैसर्गिक रुंद हसणारी माणसे आहेत. 'स्मॅशिंग पम्पकिन्स'च्या '१९७९' (१९९६) मध्ये मोटारीतून निरुद्देश भटकणारी मुले आहेत. या दुसऱ्या व्हिडिओची एक हकिकत सांगण्यासारखी आहे : मेजवानीच्या दृश्याच्या चित्रित फिती कोणीतरी मोटारीच्या टपावर ठेवून गाडी हाकली, फिती रस्त्यात कुठेतरी पडल्या, आणि ते दृश्य पुन्हा चित्रित करावे लागले. बेफिकीर तारुण्याच्या व्हिडिओला इतकी समर्पक बेफिकिरी ठरवूनही लाभली नसती.

त्या उपनगराचे दुःख जागेच्या विपुलतेचे आहे. रस्ते रुंद, घरे दूर दूर, मोटारीवाचून कोठे जाता येत नाही, आणि गेले तरी तिथे काही घडत नाही. आमच्या उपनगराचे दुःख बरोबर याच्या उलट. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून पहिली प्रवासी आगगाडी ठाण्याला आली, पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोहोचले, आणि तेव्हापासून या मुलखाचे सारे जीवन त्या रुळांच्या वेळापत्रकाला बांधले गेले. येथे तरुणाला कंटाळा येतो तो मोकळ्या रस्त्यावर नव्हे, तर दारात एक पाय टेकवण्यापुरती जागा मिळालेल्या जलद लोकलमध्ये.

म्हणून तिकडचे संकेत इकडे जसेच्या तसे उचलले की ते विनोदी होतात. 'द व्हर्व्ह'च्या 'बिटर स्वीट सिम्फनी' (१९९७) मध्ये गायक रिचर्ड ॲशक्रॉफ्ट लंडनच्या हॉक्स्टन भागातील पदपथावरून नाकासमोर चालत जातो, समोरून येणाऱ्यांना धक्के देतो आणि कोणासाठीही बाजूला सरत नाही. तिथे हे बंड आहे. सकाळी आठ वाजता डोंबिवली स्थानकाच्या पुलावर हेच कृत्य कोणी केले, तर ते बंड ठरणार नाही. कोणाच्या लक्षातही येणार नाही. फार तर कोणीतरी "अहो, सावकाश" एवढे म्हणेल.

या ठिकाणी प्रतिभेचे काम सुरू होते. ज्या गर्दीत चालणे हा नियम आहे तिथे थांबणे हे बंड होईल. 'रेडिओहेड'च्या 'जस्ट' (१९९५) मध्ये एक मनुष्य पदपथावर आडवा पडतो, लोक जमतात, का पडलास म्हणून विचारतात; अखेर तो कारण सांगतो, पण पडद्यावरील उपशीर्षकांत नेमके तेच उमटत नाही. ही कल्पना लंडनपेक्षा ठाण्याच्या फलाटावर अधिक शोभेल. तंत्रही अवघड नाही. कॅमेऱ्याचे झाकण प्रत्येक चित्रासाठी नेहमीपेक्षा अधिक काळ उघडे ठेवले, म्हणजे हलणारी गर्दी पुसट पट्ट्यांसारखी उमटते आणि स्तब्ध उभा असलेला माणूस तेवढा रेखीव राहतो. पाश्चात्त्य व्हिडिओत एकाकीपण दाखवायला रस्ता रिकामा करावा लागतो. येथे तो भरलेलाच हवा.

७. पडका कारखाना कोणाचा?

ओसाड गिरणी अथवा कारखाना हा या प्रकारातील सर्वांत झिजलेला संकेत. त्याची कारणे व्यवहारी होती : जागा प्रशस्त, भाडे थोडे, खिडक्या उंच असल्याने तिरपा उजेड फुकट, आणि आवाजाची तक्रार करायला शेजारी नाहीत. कालांतराने या सोयीवर अर्थ चढला, आणि पडझड ही अंतःकरणातील पडझडीची खूण मानली जाऊ लागली.

आमच्या टापूत अशा जागांचा तुटवडा नाही. औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाल्यानंतर ठाण्याच्या वागळे इस्टेटीत आणि पुढे डोंबिवलीत जी कारखानदारी उभी राहिली, तिच्यातील कितीतरी शेड आज बंद आहेत किंवा त्यांच्या जागी इमारती आल्या आहेत. कल्याणजवळ मोहने येथील एन.आर.सी. हा रेयॉनचा अवाढव्य कारखाना २००९ साली बंद पडला, आणि त्यातील कामगारांना आपल्या देण्यांसाठी पुढे वर्षानुवर्षे झगडावे लागले. ठाकुर्लीला रेल्वेचे जुने विजेचे पॉवर हाऊस होते, तेही इतिहासजमा झाले. आता विचार करावा. ज्या मुलाचे वडील त्या कारखान्यात पाळीवर जात होते, त्याने तिथे गिटार घेऊन उभे राहणे, आणि वांद्र्याहून गाडी घेऊन आलेल्या कोणी "काय मस्त जागा आहे" म्हणून तिथे उभे राहणे, या दोन गोष्टी पडद्यावर सारख्याच दिसल्या तरी सारख्या नाहीत. पहिल्याच्या हाती संकेत नसून साक्ष आहे. मात्र ती साक्ष आहे हे प्रेक्षकाला कळण्यासाठी चौकटीत काहीतरी नेमके लागते : हजेरीचा फलक, पाळीचा भोंगा, दारावर लावलेली नोटीस. छपराची नुसती गंजलेली कैची जगात कोठेही मिळते.

एक व्यावहारिक इशारा येथेच नमूद करतो. रुळांवरून चालणारा गायक पडद्यावर मोहक वाटतो. परंतु रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ अन्वये विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरणे हा गुन्हा आहे, आणि रेल्वेच्या जागेत चित्रणासाठी रीतसर अर्ज करून मंजुरी घ्यावी लागते. येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग असल्यामुळे तिथे वनखात्याचा हुकूम चालतो. शिवाय कल्याण-डोंबिवली पट्ट्यात रुळांवरील अपघातांची बातमी नवी नसते, याचे भान कवित्वापूर्वी असावे.

८. थट्टा

या प्रकाराला केवळ उदास मानणे अन्यायाचे होईल. स्पाइक जोन्झ याने 'बीस्टी बॉइज'च्या 'सॅबोटाज' (१९९४) मध्ये सत्तरच्या दशकातील अमेरिकन पोलीस मालिकांची खोट्या मिशा लावून टर उडवली. आपल्याकडेही या थट्टेचे नाते जुळले. मुंबईच्या 'स्क्राइब' या बँडने आपल्या ध्वनिसंग्रहांना 'मार्क ऑफ तेजा' (२०१०) आणि 'हेल मोगॅम्बो' (२०१४) अशी नावे दिली. दोन्ही हिंदी चित्रपटांतील खलनायकांच्या आठवणीने. संगीत अमेरिकन घाटाचे, पण हसू आपल्या चित्रपटगृहातले.

मुंबईची या क्षेत्रातील ओळख तशी जुनी आहे. १९८६ पासून धोबीतलावच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' हा मेळा भरू लागला. 'रॉक मशीन' या बँडने १९९३ साली 'इंडस क्रीड' हे नाव धारण केले, आणि त्यांच्या 'प्रिटी चाइल्ड' या व्हिडिओला एमटीव्हीचा आशियाई प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. त्याआधी दोनच वर्षे, १९९१ साली, एमटीव्हीचा सर्वोच्च मान मिळवणारा 'आर.ई.एम.'चा 'लूझिंग माय रिलिजन' हा व्हिडिओ दिग्दर्शित केला होता जालंधरला जन्मलेल्या तरसेम सिंग यांनी. इटालियन चित्रकार कॅराव्हाजिओची चित्रे आणि कोलंबियन लेखक मार्केझची पंख असलेल्या म्हाताऱ्याची कथा त्यांनी एकत्र कालवली. आणि ज्या काळी सारे मळके, डगमगते चित्र काढण्याच्या मागे होते, त्या काळी त्यांनी चौकटी तसबिरींसारख्या सजवल्या. संकेत ठाऊक असणारा तो मोडूही शकतो, याचे याहून ठळक उदाहरण मला आठवत नाही. ठाणे-कल्याण परिसरातील नव्या बँडांनी साउंडगार्डनच्या सिअ‍ॅटल शहरातील पावसाची नक्कल करण्यापेक्षा या गृहस्थांचा कित्ता गिरवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पाऊस तर आपल्याकडेच अधिक पडतो.

शेवटी, हे संकेत स्वतः ओळखता यावेत म्हणून वाचकाला एक प्रयोग सुचवतो. कोणताही रॉक व्हिडिओ घ्यावा आणि पहिल्यांदा आवाज पूर्ण बंद करून पाहावा. दृश्य किती वेळा तुटते, ते कागदावर रेघा ओढून मोजावे. गाणे मिनिटाला १२० ठोक्यांचे असेल, तर अर्ध्या सेकंदाला एक ठोका, आणि चार मिनिटांत ४८० ठोके पडतात. दर चार ठोक्यांना दृश्य तुटत असेल, तर १२० तुकडे भरतील. मग आवाज सुरू करून पुन्हा पाहावे, आणि कोणता तुकडा ठोक्यावर पडतो व कोणता मुद्दाम चुकवला आहे, ते ताडावे. ठोके चुकवलेल्या जागांवर खूण करून ठेवावी. दिग्दर्शकाला काही सांगायचे असेल, तर ते बहुधा तिथेच सापडते.